कासाडीला वाली कोण? तळोज्याच्या नदीसाठी उद्यान मंडळ : एक प्रकरण अभ्यास

पावसाळी गटार फेब्रुवारीत वाहत असेल तर ते पाणी पावसाचं नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पनवेलजवळच्या तळोजे औद्योगिक वसाहतीत रस्त्याच्या कडेने फिरताना मी आधी तेच बघतो. कुठलं गटार कोरडं आहे आणि कुठलं वाहतंय? वाहत्या गटाराच्या भिंतीवर पाणी कुठवर चढून उतरलं याची रेघ उमटलेली असते, कधी तांबूस, कधी पिवळसर. सांडपाणी वाहिनीचं एखादं चेंबर तुंबलेलं असतं आणि झाकणाच्या फटीतून फेस बाहेर येऊन शेजारच्या गटारात उतरत असतो. गटार मोरीखालून नाल्याला मिळतं आणि नाला कासाडीला. या प्रकरणातला कायदा, पैसा आणि हद्दीचा वाद या एवढ्याशा वाटेवरच अडकलेला आहे.

कासाडी काही मोठी नदी नाही. तळोज्याच्या कारखान्यांमधून वाट काढत ती नावडे, रोडपाली, कळंबोलीच्या बाजूने खाडीकडे जाते. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहते. उन्हाळ्यात तिचं स्वतःचं पाणी जवळपास आटतं आणि पात्रात उरतं ते लोकांनी सोडलेलं. खालच्या भागात दिवसातून दोनदा भरती आत शिरते. मासेमारीवर जगणारी आगरी-कोळी कुटुंबं या खाडीकाठाला पिढ्यान् पिढ्या आहेत. बोय, निवटी, चिंबोरी, कोलंबी आणि नशीब असेल तर जिताडा हे इथलं धन. त्यातलं आता काय आणि किती मिळतं, हे बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईला विचारावं.

ऑगस्ट २०१७ मध्ये ही नदी जगभर पोहोचली, पण स्वतःच्या नावाने नाही. तळोज्यात निळ्या अंगाची भटकी कुत्री दिसली, त्यांचे फोटो पसरले, परदेशी वाहिन्यांनीही बातमी केली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद केला. कुत्र्यांच्या अंगावरचा रंग काही दिवसांत उतरला आणि बातमीही उतरली. नदीकाठच्या लोकांच्या तक्रारी त्याच्या आधीपासून होत्या आणि नंतरही राहिल्या. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या कारभारावर ताशेरे आले, नुकसानभरपाईचे आदेश निघाले. मुद्दा असा की कासाडीच्या बाबतीत आजवर जे काही हललं, ते तक्रारीने किंवा आदेशाने हललं. रोज सकाळी उठून या नदीकडे बघायचं, हे कुणाचंच काम नाही.

हे काम कुणाचं असावं आणि त्याला कोणता साचा द्यावा, यासाठी हा अभ्यास. अमेरिकेतल्या ‘पार्क डिस्ट्रिक्ट’सारखं वेगळं उद्यान मंडळ कासाडीसाठी काढता येईल का, हे मी त्यात तपासतोय.

हद्दी

वसाहतीतले रस्ते, पाणीपुरवठा आणि वाहिन्या एमआयडीसीकडे, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडे. कारखान्याला संमतीपत्र देणं, नमुने घेणं आणि नोटीस बजावणं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. कळंबोली, कामोठे, खारघर, नवीन पनवेल या वसाहती नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने वसवल्या. १ ऑक्टोबर २०१६ पासून त्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत आल्या, पण सेवा हस्तांतरित व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. पूररेषा आखायची जलसंपदा विभागाने. तिवरांचं जंगल वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवर सीआरझेडचे, म्हणजे किनारा संरक्षणाचे नियम, म्हणून किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणही आलं. रेल्वे आणि महामार्ग यांच्या मोऱ्या ज्याच्या त्याच्या.

यातल्या एकाही यंत्रणेला नदी दिलेली नाही. प्रत्येकीला नदीचा एकेक गुण दिलाय. एकीकडे तिचं पाणी, दुसरीकडे तिचा काठ, तिसरीकडे तिचा पूर. मग पत्रव्यवहार होतो. महापालिका प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहिते, ते एमआयडीसीला, एमआयडीसी प्रक्रिया केंद्राला, आणि उत्तर येईपर्यंत पाऊस येऊन सगळं धुऊन नेतो. यात माणसं कामचुकार आहेत असं मी म्हणत नाही. प्रत्येक टेबलावर आपापल्या कामाचा कागद पूर्ण आहे, नदी कुठल्याच टेबलावर पूर्ण नाही.

एक प्राधिकरण नेमा म्हणजे झालं, हे लगेच सुचतं. ते आपण करून बसलोय. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर ऑगस्टमध्येच मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं, मुख्यमंत्री अध्यक्ष. अवघी १७.८४ किलोमीटरची नदी, तीही कामासाठी वाटून दिली: ११.८४ किलोमीटर मुंबई महापालिकेकडे आणि ६ किलोमीटर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए). पात्र रुंद झालं, खोल झालं, संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. पाणी मात्र काळंच राहिलं. २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गाळउपशाच्या कंत्राटांत सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याचा गुन्हा नोंदवला. प्राधिकरणाला नाव होतं, अध्यक्ष होते. स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःची माणसं नव्हती. काम शेवटी जुन्याच दोन खात्यांनी, जुन्याच पद्धतीने केलं.

साबरमतीचं उदाहरण लोक हटकून देतात. तिथे १९९७ मध्ये महापालिकेने स्वतंत्र कंपनी काढली, दोन्ही काठांना साडेअकरा किलोमीटरचा किनारा बांधला, नदीतून जमीन काढली आणि त्यातली काही विकून खर्च भागवायचं ठरवलं. पात्रात दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं पाणी. शहराच्या खाली गेल्यावर नदीची अवस्था अशी होती की २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कासाडीत सोडायला आपल्याकडे नर्मदा नाही, आणि भरतीच्या नदीत भराव टाकून जमीन काढली तर कळंबोलीत पाणी कुठवर चढेल ते कळंबोलीकरांना विचारा. ती वाट इथे बंद आहे, बरंच आहे.

पार्क डिस्ट्रिक्ट म्हणजे नक्की काय

अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षं एक साचा चालत आलाय. बागा, मोकळ्या जागा आणि नदीकाठ यांच्यासाठी महापालिकेपासून वेगळी स्थानिक संस्था काढायची, तिची हद्द वेगळी आखायची, तिला थोडा कर वेगळा लावू द्यायचा. मिनिआपोलिसचं पार्क बोर्ड १८८३ चं. त्याचे नऊ सदस्य आजही लोक थेट निवडून देतात. इलिनॉय राज्यात गावोगावी पार्क डिस्ट्रिक्ट आहेत, शिकागोचं १९३४ मध्ये २२ लहान डिस्ट्रिक्ट एकत्र करून झालं.

आपल्याला जवळचं उदाहरण सेंट लुइसचं. मिसिसिपी आणि मिसुरी या नद्यांच्या परिसरात एक शहर आणि दोन काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या), तिघांची प्रशासनं वेगळी. नोव्हेंबर २००० मध्ये तिन्हीकडच्या मतदारांनी विक्रीकरावर दर डॉलरमागे एक दशांश सेंटचा अधिभार मंजूर केला आणि त्यातून एक डिस्ट्रिक्ट उभं राहिलं, ग्रेट रिव्हर्स ग्रीनवे. त्याच्या मंडळावर तिन्ही प्रशासनांनी नेमलेले सदस्य बसतात. २०१३ मध्ये शहर आणि सेंट लुइस काउंटी इथल्या मतदारांनी आणखी अधिभार मान्य केला. तेरा वर्षं काम बघून लोकांनी पुन्हा खिशात हात घातला, हे मला त्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं.

त्या डिस्ट्रिक्टची बलस्थानं दोन. त्याची हद्द नकाशावरच्या शहरांपेक्षा वेगळी आहे, आणि त्याचा पैसा दरवर्षी येतो, मागावा लागत नाही. हिरवळ, सायकलमार्ग, पूल हे सगळं त्यानंतरचं. आपल्याकडे बहुतेक वेळा सुरुवात हिरवळीपासून होते, कारण तिचं उद्घाटन करता येतं.

महाराष्ट्रात असा साचा अगदीच परका नाही. १९७५ च्या झाडांच्या कायद्याने प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आलं. मालमत्ता कराच्या बिलात वृक्षकराची छोटी ओळ असते, ती कुणी वाचत नाही. म्हणजे एका निसर्गघटकासाठी वेगळं मंडळ, वेगळा कर आणि बाहेरचे जाणकार सदस्य, हे तीनही आपल्या कायद्यात पन्नास वर्षं आहेत. वृक्ष प्राधिकरणं कशी चालतात यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. बैठकीत निम्मा वेळ झाडं तोडायच्या अर्जांतच जातो. पण साचा म्हणून तो हाताशी आहे.

कासाडीचं मंडळ: हद्द कुठे आखायची

नदी उद्यान म्हटलं की नकाशावर काठाच्या दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा रंगवला जातो. कासाडीसाठी ही चूक महागात पडेल. तिचं दुखणं काठावर नाही, ते वसाहतीतल्या गटारांत आहे. म्हणून मंडळाची हद्द दुपदरी हवी.

आतला पदर पूररेषेचा. जलसंपदा विभाग निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर आखतो आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाईच असते. ही जमीन उद्यानाला आपसूक मिळू शकते. खाली भरतीच्या भागात तिवरं आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा, शिवाय पावसाचं पाणी थांबवायला सिडकोने बांधलेले धारण तलाव. बाहेरचा पदर म्हणजे कासाडीत उतरणारा प्रत्येक नाला, प्रत्येक पावसाळी गटार आणि त्यांची तोंडं. तिथे मंडळाला जमीन नको, पाहणीचा आणि नमुने घ्यायचा अधिकार हवा. चेंबरचं झाकण उघडायला एमआयडीसीची परवानगी मागत बसावं लागलं तर मंडळ पहिल्या महिन्यातच संपलं.

नवीन जमीन घ्यायची नाही, हे मी पहिल्याच पानावर लिहीन. याला इतिहास आहे. सिडकोसाठी ९५ गावांची जमीन गेली, योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळणं हे त्या लढ्याचं फळ, आणि कित्येक कुटुंबांचा तो हिशेब अजून मिटलेला नाही. गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेली घरं नियमित होण्याची वाट बघताहेत. अशा गावात जाऊन नदीकाठी उद्यान होणार म्हणून सांगितलं की पहिला प्रश्न येणार, पुन्हा जमीन मागायला आलात का? तो प्रश्न रास्त आहे. त्याला गुळमुळीत उत्तर दिलं तर दुसरी बैठक होणार नाही.

शिवाय विकास आराखड्यात बागेसाठी जमीन आरक्षित करण्याचा मार्ग भरवशाचाही नाही. नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द. बागांची किती आरक्षणं राज्यभर अशी उडून गेली ते नगररचना खात्यातल्या कुणालाही विचारा. मनाई असलेली जमीन, सिडको आणि एमआयडीसीच्या ताब्यातल्या मोकळ्या जागा, नाल्यांच्या कडा आणि धारण तलाव एवढ्यावर सुरुवात करता येते.

पाणी आधी

इथे थोडं थांबायला हवं, कारण चर्चा नेहमी या मुद्द्याला वळसा घालून जाते.

कारखान्यांचं पाणी प्रक्रिया करून नदीत सोडायचं असेल तर बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे. आंघोळीला योग्य नदीसाठी तीच मर्यादा ३. या दहापट फरकामागे एक गृहीत आहे: नदीत पुरेसं स्वच्छ पाणी वाहतं आणि ते सोडलेल्या पाण्याला पातळ करतं. कासाडीत उन्हाळ्यात ते पाणीच नसतं. म्हणजे उद्या सगळे कारखाने आणि प्रक्रिया केंद्र अक्षरशः नियमात चालले, एकही टँकर रात्री नाल्यात रिकामा झाला नाही, तरी मार्च ते मे या महिन्यांत नदीचं पाणी मासा जगेल इतकं स्वच्छ होणार नाही. कागदावर सगळे पास, नदी नापास.

यावर उपाय एकच दिसतो: कोरड्या महिन्यांत प्रक्रिया केलेलं पाणी नदीत न सोडता ते आणखी शुद्ध करून वसाहतीतच पुन्हा वापरायचं. नळ टाकून खोल खाडीत सोडा, असाही एक आग्रह असतो. मला तो पटत नाही. पनवेलची खाडी ठाणे खाडीला मिळते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आपलं दुखणं शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं, आणि तिथेही मासेमारी करणारे आपलेच लोक.

नमुन्यांचंही बघा. भरती असताना पुलाजवळ बाटली भरली तर निम्मं पाणी खाडीचं. आकडा बरा येतो. ओहोटी संपता संपता भरली तर नदी खरं बोलते. आज कुठल्या तिथीला पाणी कधी लागतं आणि कधी सुटतं हे काठावरच्या कुठल्याही मच्छीमाराला तोंडपाठ असतं. नमुन्यांच्या अहवालात भरती-ओहोटीची वेळ सहसा शोधूनही सापडत नाही. मंडळाचा पहिला नियम हाच असावा: प्रत्येक नमुन्यासोबत भरती-ओहोटीची वेळ, आणि निकाल नावडे, रोडपाली, कळंबोलीच्या नाक्यांवर फलकावर, मराठीत. संकेतस्थळावरही टाका, पण फलक आधी.

मग गाळ. नदी सुधारायची म्हणजे पोकलेन आणून गाळ उपसायचा आणि काठावर पसरून त्यावर बाग करायची, ही रूढ पद्धत. रासायनिक वसाहतीखालच्या नदीत ती धोक्याची आहे. वर्षानुवर्षं जे जड धातू आणि रंगद्रव्यं पाण्यातून खाली बसली ती गाळात आहेत. तो उकरला की पुन्हा पाण्यात, आणि काठावर टाकला की मुलांच्या खेळाच्या मैदानात. आधी टप्प्याटप्प्याने गाळ तपासावा. घातक निघाला तर तो घातक कचरा म्हणूनच हलवावा. त्याची सोय तळोज्यातच आहे, लांब जायला नको. जिथे त्रास नाही तिथे तो न हलवलेलाच बरा. काठावर करंज, उंबर, जांभूळ लावायचे, ओलाव्यात वाळा आणि पाणकणीस, भरतीच्या भागात तिवरांना त्यांचं त्यांना वाढू द्यायचं. पहिली काही वर्षं खाण्याजोगं काही लावू नये आणि गुरं सोडू नयेत, असा फलकही लागेल. उद्घाटनाच्या फोटोत तो शोभणार नाही.

पुराचा हिशेब वेगळा. कळंबोलीसारखी वसाहत भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव आणि झडपांची दारं केली: भरतीत दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीत बाहेर जातं. तलावात गाळ आणि तिवरं भरली की साठवण घटते. तिवरं तोडायला न्यायालयाची मनाई, गाळ काढायला परवानग्यांची रांग. मुसळधार पाऊस आणि उधाण एका वेळी आलं की पाणी घरात. धारण तलाव आणि नदी हे एकाच मंडळाकडे असतील तर निदान एकच अर्ज, एकच नकाशा आणि एकच वेळापत्रक घेऊन न्यायालयात जाता येईल. रहिवाशांना मंडळाचा उपयोग पहिल्यांदा पटेल तो इथे, बाकांवर नाही.

पैसा

नवीन कराचा विषय या भागात काढायचा तर जपून. खारघर, कामोठे, कळंबोलीकरांनी मालमत्ता कराविरुद्ध मोठं आंदोलन केलंय. महापालिका २०१६ पासूनचा कर मागत होती, आणि त्याच काळात सेवाशुल्क सिडकोला भरलेलं होतं. एकाच कचऱ्याचे पैसे दोनदा का द्यायचे, हा लोकांचा सवाल. तळोज्याच्या उद्योजकांचीही तीच तक्रार: शुल्क एमआयडीसीला भरतो, मग महापालिकेला कशासाठी? प्रकरणं न्यायालयात गेली. अशा वातावरणात बिलात आणखी एक ओळ वाढवली तर नदीचं नाव निघायच्या आधीच मोर्चा निघेल.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कारखान्यांनी द्यायचं. वसाहतीत प्रत्येक कारखान्याला एमआयडीसी पाणी देते आणि त्याला मीटर आहे. उचललेल्या पाण्यावर दर घनमीटरमागे नदी अधिभार लावला तर वसुलीची यंत्रणा नव्याने उभी करावी लागत नाही, आणि जो पाणी पुन्हा वापरतो त्याचा अधिभार आपोआप कमी होतो. प्रदूषणाच्या भरपाईपोटी वसूल होणारी रक्कम ज्या नदीचं नुकसान झालं तिच्याच खात्यात यावी, हा दुसरा स्रोत. तो आटत जायला हवा. दंडावर चालणाऱ्या मंडळाला दंड हवाहवासा वाटू लागतो.

घरमालकांचा वाटा सगळ्यात शेवटी, आणि नगण्य. समजा एखाद्या सदनिकेचं करयोग्य मूल्य २०,००० रुपये धरलं आणि अधिभार अर्धा टक्का, तर वर्षाला १०० रुपये होतात. रक्कम भारी नाही, पण ती मागायचा अधिकार कमवावा लागेल. कळंबोलीत दोन पावसाळे पाणी कमी भरलं आणि फलकावरचे आकडे सुधारले तरच तो प्रस्ताव सभागृहात न्यावा. सेंट लुइसच्या लोकांनी दुसऱ्यांदा मत दिलं ते आधीचं काम बघून.

जमीन किंवा चटईक्षेत्र (बांधकामाचा हक्क) विकून पैसा उभारायचा मोह होईल. सल्लागार पहिल्या सादरीकरणात तेच दाखवतील: नदीसमोरचे टॉवर, खाली दुकानं. एकदा मंडळाचं उत्पन्न काठावरच्या बांधकामाला बांधलं की निळी रेषा हळूहळू नदीकडे सरकायला लागते. अधिसूचनेतच त्यावर बंदी हवी.

कायद्याचा साचा

पर्याय चार. महापालिकेची विशेष समिती सगळ्यात सोपी, पण एमआयडीसीच्या फाटकापाशी तिचा अधिकार संपतो. कंपनी झटपट निघते, स्मार्ट सिटीच्या वेळी सगळ्यांनी काढल्या. तिचे संचालक अधिकारी असतात, बदली झाली की नवे, आणि नागरिकाला तिच्या दारात उभं राहायला जागा नसते. शासन निर्णयाने नेमलेलं प्राधिकरण म्हणजे मिठी. स्वतंत्र कायदा सगळ्यात भक्कम आणि सगळ्यात लांबचा.

माझा कल दोन पायऱ्यांकडे आहे. आधी महापालिका, एमआयडीसी आणि सिडको यांचा करार: तिघांचं एक वेगळं बँक खाते, एक पूर्णवेळ अभियंता, एक पर्यावरण रसायनतज्ज्ञ आणि गटारं, नाले तपासायचे समान अधिकार. खात्यातून पैसा निघायला तिघांची नाही, मंडळाची सही. दोन-तीन वर्षं हे चाललं तर त्याच अनुभवावर कायद्याचा मसुदा. उलट क्रमाने गेलो तर कायदा येईपर्यंत उरलेले मच्छीमारही दुसऱ्या कामाला लागलेले असतील.

आणि हो, महापालिकांवर मधली काही वर्षं प्रशासक होते. पनवेलमध्येही पहिल्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपल्यावर तेच झालं. त्या काळात नगरसेवकच नसल्याने समित्याही नव्हत्या. मंडळाचं अस्तित्व सभागृहाच्या मुदतीला बांधू नये, याला एवढं कारण पुरे.

खुर्च्या

मंडळ अकरा जणांचं धरू. तीन संस्थांचे तीन, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कांदळवन कक्षाचे दोन, कारखानदारांचा एक, प्रभागांतून निवडून आलेले दोन, जाणकार एक. राहिल्या दोन. त्या काठावरच्या गावांना, त्यातली एक मच्छीमार सहकारी संस्थांनी निवडलेल्या प्रतिनिधीला. निमंत्रित म्हणून नव्हे, मतासह.

याला विरोध होईल. लोकांना तांत्रिक विषय कळत नाहीत, असं सांगितलं जाईल. ओहोटीच्या वेळेचं उदाहरण वर दिलंच आहे. कुठला नाला रात्री रंग बदलतो, कुठल्या मोरीपाशी टँकर थांबतो, डेब्रिजचा डंपर कुठल्या वाटेने खाडीत रिकामा होतो, हे मंडळातल्या बाकीच्या नऊ जणांपेक्षा या दोघांना आधी कळतं. त्यांच्याकडून एक मागणीही येईल, आणि आराखड्यात ती बाकांच्या आणि पदपथाच्या वर हवी: होड्या लावायला आणि जाळी सुकवायला पक्की जागा. नदीकाठच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी वाट तिवरांच्या आतून न नेता वसाहतीच्या बाजूने न्यावी, म्हणजे दोघांची गर्दी एकमेकांत होणार नाही.

गावांचीही एक बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. काही गावठाणांचं सांडपाणीही थेट नाल्यात जातं, भंगाराची गोदामं आणि ट्रेलरची पार्किंगं काठावर आहेत, त्यांची भाडी स्थानिकांच्याच घरात येतात. कारखान्यांना धारेवर धरणाऱ्या मंडळाला उद्या गावातल्या एखाद्या वजनदार माणसाचं गोदाम हलवावं लागेल. त्या दिवशी गावचा प्रतिनिधी कुणीकडे मत देईल? म्हणूनच दोन खुर्च्या. गोदामवाल्याचा आणि जाळंवाल्याचा फायदा एक नसतो, आणि एकच खुर्ची ठेवली तर ती कुणाकडे जाईल हे सांगायला नको.

सुरुवात करायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. दिवाळीनंतर जमीन वाळली की कोरड्या दिवसांत वाहणाऱ्या प्रत्येक गटाराची नोंद नकाशावर घ्यावी, प्रत्येकाचं तोंड कुठल्या भूखंडापाशी उघडतं ते लिहावं, गाळाचे नमुने द्यावेत. हे काम एका हिवाळ्यात होण्यासारखं आहे आणि तिन्ही संस्थांच्या आजच्या अधिकारांत बसतं. तो नकाशा हाती आला की कराराच्या मसुद्यावर बसता येईल. मच्छीमारांच्या मताधिकार असलेल्या खुर्चीवर सही झाल्याशिवाय तो मसुदा मंत्रालयात पाठवू नये, असं माझं मत आहे. एकदा फाईल वर गेली की अशा खुर्च्या 'आवश्यकतेनुसार निमंत्रित' होऊन परत येतात.